शाळेत मातीकाम शिकवताना या चुका टाळा

आठवी-नववीच्या पोरानं जीव लावून केलेली मूर्ती वाळताना उभी चिरली, की बोल त्यालाच बसतो : "माती नीट मळली नाहीस." मळणं महत्त्वाचं आहेच. पण आपल्या विदर्भात खोट बहुधा पोराच्या हातात नसते. ती मातीत असते, नाहीतर वाळवण्यात.

वावरातली काळी माती तशीच वापरणं

शाळेमागं वावर आहे, माती फुकट आहे, म्हणून घमेलं भरून आणली जाते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते. उन्हाळ्यात पऱ्हाटीच्या वावरात पडणाऱ्या भेगा त्यातूनच येतात. शिवाय तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात. भाजताना त्यांचा चुना होतो, मग तो हवेतला ओलावा ओढून फुगतो. भट्टीतून धडधाकट निघालेल्या घोड्याच्या अंगावरून आठ-पंधरा दिवसांनी टिकल्या उडतात आणि प्रत्येक खळग्यात एक पांढरा ठिपका दिसतो. पोरगं म्हणतं, "सर, मी हातही नाही लावला." खरंच लावलेला नसतो.

विज्ञानाच्या सरांना सुक्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकायला सांगा. फेस आला तर ती माती भाजायच्या कामाची नाही. त्यापेक्षा गावातल्या कुंभाराला विचारा. तो गाळ कुठून आणतो हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. भंडारा-गोंदियाकडे तलावांची ददात नाही, तिथं हा प्रश्न सोपा आहे.

आणलेल्या मातीची एक पट्टी लाटा, तिच्यावर 10 सेंमीची रेघ ओढा आणि वाळल्यावर मोजा. रेघ 9 सेंमीच्या खाली गेली, तर फुटक्या कवेलूंचा चुरा चाळून मिसळा. पाच भाग मातीला एक भाग चुऱ्यापासून सुरुवात करावी.

पंख्याखाली किंवा उन्हात वाळवणं

कान, शेपटी, बोटं आधी वाळतात, पोट ओलंच राहतं. चीर नेमकी सांध्यावर पडते. वस्तू सावलीत ठेवा, वर पॉलिथिन सैलसर टाका आणि बारीक भागांना ओलसर फडकं गुंडाळा. चीर पडल्यावर तिच्यात ओली माती भरण्यात अर्थ नाही. आतला भाग आकसून झालेला असतो. वरचा लिंप आकसला की तीच चीर पुन्हा उघडते.

सांधताना दोन्ही बाजूंना खिळ्यानं चरे पाडून, त्याच मातीचा दाट घोळ लावून दाबायचं. नुसतं पाणी लावून चिकटवलेलं शिंग पुढच्या तासाला टेबलावर पडलेलं सापडतं.

पोळ्यासाठी बैल जरूर करून घ्या, पण ते कच्चेच राहू द्या. ऐन पावसाळ्यात जाड वस्तू आतपर्यंत वाळत नाही. भाजायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावं. आणि बैल बसलेला करा! उभ्या बैलाचे चार बारीक पाय पोटाचा भार पेलत नाहीत. आत तार घालणं हा उपाय नव्हे. माती आकसते, तार आकसत नाही.

भरीव वस्तू भट्टीत देणं

फुटली की "आत हवा राहिली" म्हणतात. खरं तर फोडते ती वाफ, म्हणजे आत उरलेलं पाणी. माती चामड्यासारखी घट्ट झाली की पोट तारेनं कापून कोरा, भिंत साधारण बोटभर जाडीची ठेवा, जोडा आणि खालून एक भोक पाडा. देण्याआधी वस्तू गालाला लावून पाहा : गार लागली तर अजून ओली आहे.

कुंभाराच्या आव्यात वस्तू लावायच्या तर आधी बोलून ठेवा आणि त्याचे पैसे द्या. "शाळेचं काम आहे" म्हणून फुकट मागणं मला पटत नाही. पहिले काही तास आच मंद ठेवायला मात्र आठवण करा.

चकाकीचा मोह

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचं सिरॅमिक काम पाहून आलेली मुलं हमखास चकाकी, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर (ग्लेझ), मागतात. स्टोनवेअरची, म्हणजे भाजून दगडासारख्या कठीण झालेल्या मातीच्या भांड्यांची चकाकी 1200 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. आव्यात तेवढी आच मिळत नाही आणि आपली लाल माती त्या तापाला वाकडी होते. त्यापेक्षा अर्धवट वाळलेली वस्तू गुळगुळीत गोट्यानं घोटून घ्या, छान तकाकी येते.

तास संपल्यावर वर्ग कोरडा झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा; मातीची धूळ फुप्फुसात जाते. हात बादलीत धुवा. बेसिनचा पाइप तुंबला, तर हेडमास्तर पुढच्या वर्षी मातीकामाला तासच देणार नाहीत.