करी उदोन फसतं कुठे? या चुका टाळा

जपानी करी उदोन, म्हणजे दाट करीतल्या जाड गव्हाच्या नूडल्स, घरी करताना आपण मराठी माणसं बहुतेक एकाच ठिकाणी घसरतो: त्याला पातळ रस्सा समजतो. करीचा ठोकळा (मैदा, चरबी आणि मसाल्यांची तयार वडी) पाण्यात विरघळवला, वर नूडल्स सोडल्या, झालं! खायला बरं लागतं, पण करी वेगळी आणि नूडल्स वेगळ्या. मेइजी काळात (1868-1912) करी पावडर इंग्रजांमार्फत जपानला पोचली आणि पुढे सोबा (बकव्हीटच्या नूडल्स) आणि उदोनच्या दुकानांनी ती आपल्या सूपमध्ये उतरवली. त्यामुळे या पदार्थाचा पाया मसाल्याचा नाही, दाशीचा, म्हणजे जपानी पातळ स्टॉकचा आहे. नुसत्या पाण्यात केलेलं करी उदोन कितीही मसाला घातला तरी पोकळच लागतं.

दाशीसाठी 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम कोंबू (वाळवलेलं समुद्री शेवाळ) अर्धा तास भिजू द्या. मंद आचेवर ठेवा आणि उकळी फुटायच्या आत कोंबू बाहेर काढा. तो खळखळून उकळला की पाणी बुळबुळीत होतं, चव कडवटपणाकडे झुकते. मग 20 ते 30 ग्रॅम कात्सुओबुशी, म्हणजे धुरावून वाळवलेल्या माशाचे पापुद्रे, घालून गॅस बंद करा आणि दोनेक मिनिटांनी गाळा. शाकाहारी मंडळींनी कोंबूबरोबर चार-पाच सुके शिताके मशरूम रात्रभर फ्रिजमध्ये भिजवावेत. ठोकळ्याच्या पाकिटावरची यादीही वाचाच, कारण अनेक जपानी ठोकळ्यांत गाईची किंवा डुकराची चरबी असते.

दोघांसाठी 600 मिली दाशी, 2 मोठे चमचे सोया सॉस, तेवढंच मिरिन (तांदळाची गोडसर वाइन) आणि 50-60 ग्रॅम ठोकळा पुरतो. मिरिन नसेल तर थोडी साखर चालते. मीठ मात्र शेवटी, चव बघून. सोया सॉस आणि ठोकळा दोन्ही खारट असतात, त्यामुळे बहुतेक वेळा ते लागतच नाही. आणि हात गरम मसाल्याच्या डब्याकडे गेला तर आवरा. लवंग-दालचिनी पुढे आली की दाशी गेलीच.

गुठळ्या झाल्या? मग ठोकळा उकळत्या सूपमध्ये पडला असणार. ठोकळ्यात मैदा असतो. उकळीत बाहेरचा मैदा झटकन शिजून त्याचं कवच होतं आणि आतला भाग तसाच राहतो. पिठलं करताना बेसन थेट आधणात टाकल्यावर होतं तेच. गॅस बंद करा, ठोकळा बारीक चिरून डावात थोड्या सूपबरोबर विरघळवा, मग पुन्हा मंद आचेवर दाट होऊ द्या. तरी पातळ वाटलं तर आणखी ठोकळा घालू नका, सगळं खारट होईल. बटाट्याचा स्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून लावा.

दाट झालेली करी नंतर आपोआप सैल पडते, याचं कोडं अनेकांना पडतं. चव बघितलेला उष्टा चमचा पुन्हा भांड्यात घातला की लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्च तोडत राहतं. मधातही तेच विकर असतं. जपानच्या हाउस कंपनीच्या 1963 पासूनच्या व्हर्मोंट करीची ओळखच सफरचंद आणि मध, त्यामुळे घरीही वरून मध घालायचा मोह होतो. घालायचाच असेल तर ठोकळ्याआधी घाला आणि वीसेक मिनिटं चांगला उकळू द्या.

आता उदोन. फ्रोझन मिळालं तर तेच घ्या, आणि न वितळवता थेट उकळत्या पाण्यात टाका. मिनिटभरात मोकळं होतं. सुकं असेल तर शिजवून गार पाण्यात चोळून धुवा. वरचा चिकट स्टार्च राहिला तर करी लापशीसारखी होते. धुतलेल्या नूडल्स गरम पाण्यातून काढून मगच वाडग्यात घाला, नाहीतर करी कोमट होईल. करीतच शिजवायला जाऊ नका.

घरी उदोन करणाऱ्यांचा हात पोळीच्या कणकेवर बसलेला असतो, आणि तिथेच गडबड होते. 300 ग्रॅम मैद्याला 15 ग्रॅम मीठ आणि साधारण 140 मिली पाणी, बस्स. पीठ पुरीच्या पिठापेक्षाही घट्ट आणि आधी कोरडंच वाटेल, पण पाणी वाढवू नका. जपानी लोक ते जाड पिशवीत घालून पायांनी तुडवतात, ते उगाच नाही! दोन तास मुरलं की लाटता येतं. सैल पिठाच्या नूडल्स मऊ पडतात आणि दाताखाली हवा तो ताण, ज्याला तिकडे ‘कोशी’ म्हणतात, येत नाही.

पांढरा शर्ट घालून खायला बसू नका. जपानी दुकानांत यासाठी कागदी एप्रन देतात.

उरलेल्या करीत भात कालवायचा असेल तर जपानमधल्या तोयोहाशी शहराची रीत बघा. 2010 पासून तिथे वाडग्याच्या तळाशी भात, त्यावर किसलेल्या चिकट कंदाचा थर आणि वर करी उदोन, असं वाढतात. मधला थर वगळून भात थेट खाली घातला, तर नूडल्स संपेपर्यंत तोच सगळं सूप पिऊन टाकतो.