सीईटीचा पर्सेंटाइल कसा वाचावा

निकालाच्या दिवशी घरोघरी पहिला प्रश्न असतो तो "किती पडले?" हा, आणि वाचनातली चूक तिथूनच सुरू होते. ८५ पर्सेंटाइल म्हणजे ८५ टक्के नव्हेत. एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशाची परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, त्यामुळे त्या सत्रात आपल्या पाल्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळवणारे शंभरात किती होते, एवढेच हा आकडा सांगतो.

म्हणून प्रथम त्याचे रूपांतर रांगेतल्या जागेत करावे. समजा, सत्रात २०,००० विद्यार्थी बसले असतील, तर ९९ पर्सेंटाइलच्या पुढे सुमारे २०० जण असतात आणि ९९.५ च्या पुढे १००. रांगेच्या मध्यावर मात्र गर्दी दाट असते, आणि तिथे गणिताचा २ गुणांचा एखादाच प्रश्न हुकला तरी शेकडो जण पुढे निघून जातात. एकूण पर्सेंटाइल ही तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसते, हेही ध्यानात ठेवावे.

यानंतर परीक्षेने नेमके काय मोजले ते पाहावे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद मिळतात. गणिताच्या ५० प्रश्नांनाही एकूण ९० मिनिटेच असतात. इतक्या वेळात विचार करण्यापेक्षा ओळखीचा प्रश्न ओळखण्याला महत्त्व येते, आणि ती ओळख सरावाने होते. सराव परीक्षांचे शुल्क ज्याला परवडते त्याची ती अधिक होते. गणिताची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत असते, त्यामुळे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाचे काही सेकंद वाक्य उलगडण्यातच जातात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्याने नशिबाचा वाटाही धरावा लागतो: गणिताचे २० प्रश्न अंदाजपंचे सोडवले, तर सरासरीने ५ बरोबर येतील, परंतु एखाद्याचे ८ येतील आणि एखाद्याचे २, म्हणजे फरक १२ गुणांचा. यातले काहीच बुद्धीचे माप नव्हे. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाची एसएटी परीक्षा १९२६ साली सुरू झाली तेव्हा तिच्या नावातच 'अभियोग्यता' (अंगभूत क्षमता) हा शब्द होता. पुढे तो त्या नावातून वगळावा लागला.

तुलना करायचीच असेल तर त्याच परीक्षेच्या त्याच वर्षाच्या आकड्यांशी करावी. जेईई मेनला बसणारा समूह वेगळा असल्याने तिथला ९० आणि इथला ९० सारखे नसतात. प्रवेशाचा अंदाज बांधताना गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतील मागील वर्षांचे कटऑफ एकत्र ठेवून पाहावे.

मुलाला विषय कितपत समजला आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर निकालापूर्वी आक्षेपांसाठी प्रश्न आणि उत्तरतालिका उपलब्ध होतात, तेव्हाच ते जपून ठेवावेत. चुकलेले आणि सोडून दिलेले प्रश्न त्याला घड्याळ न लावता, पर्याय झाकून पुन्हा सोडवू द्यावेत. जे आता सुटतात तिथे वेग कमी पडला होता. जे अजूनही सुटत नाहीत त्यांच्या प्रकरणांची यादी करून, अभियांत्रिकीचे पहिले सत्र सुरू होण्याआधी ती प्रकरणे पाठ्यपुस्तकातून पुन्हा वाचून घ्यावीत.