इंजेक्टर बदलण्याआधी: निदानातल्या या चुका टाळा

पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईतल्या कोणत्याही गॅरेजमध्ये तासभर बसले, तर एक तक्रार हमखास कानावर येते: सिग्नलला गाडी थरथरते, पिकअप घेताना झटके देते आणि ॲव्हरेज उतरले आहे. तिच्यावरचा उपायही ठरून गेलेला असतो. इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर चोंदले, ते साफ करा, नाहीतर बदला. चारही इंजेक्टर बदलून गाडी घरी जाते आणि काही दिवसांनी तेच दुखणे घेऊन परत येते. खर्च झालेला असतो, मूळ दोष मात्र जागच्या जागी असतो. इंजेक्टर कशासाठी आणि कसा घडवलेला आहे हे ध्यानात न घेता त्याच्यावर ठपका ठेवल्यामुळे हे घडते.

पेट्रोल गाडीतला नेहमीचा इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी एक अतिशय जलद झडप असते. आत तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्यामुळे उचलली जाणारी सुई, सुईला परत आसनावर बसवणारी स्प्रिंग आणि टोकाला बारीक छिद्रांची चकती, एवढीच त्याची रचना आहे. किती इंधन सोडायचे हे तो स्वतः ठरवत नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, त्याला फक्त वेळ देतो. त्या वेळात किती इंधन बाहेर पडेल, हे रेलमधला (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीतला) दाब, कॉइलला मिळणारे व्होल्टेज आणि छिद्रांची अवस्था या तिन्हींवर अवलंबून असते. यांपैकी दोन गोष्टी इंजेक्टरच्या बाहेरच्या आहेत आणि बहुतेक चुकीच्या निदानांचा उगम तिथेच आहे.

हे काळाचे गणित किती नाजूक आहे, ते पाहावे. ८०० आरपीएमच्या आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसते चालू असते तेव्हा, चार स्ट्रोकच्या इंजिनाचे एक चक्र १५० मिलिसेकंदांचे असते आणि त्यात इंजेक्टर जेमतेम २ ते ३ मिलिसेकंद उघडा राहतो. ६००० आरपीएमला ते चक्र अवघे २० मिलिसेकंदांचे उरते. शिवाय विद्युत संदेश मिळाल्यापासून सुई प्रत्यक्ष उचलली जाईपर्यंत साधारण १ मिलिसेकंद निघून जातो. म्हणजे आयडलला अडीच मिलिसेकंदांचा संदेश असेल, तर इंधन खऱ्या अर्थाने दीड मिलिसेकंदच वाहते. व्होल्टेज उतरले की सुई उचलायला लागणारा हा वेळ वाढतो. तो ०.३ मिलिसेकंदाने जरी वाढला, तरी त्या दीड मिलिसेकंदातला पाचवा हिस्सा गेला.

व्होल्टेज न मोजता इंजेक्टर काढणे

बॅटरीचे व्होल्टेज उतरले तर ईसीयू संदेशाची लांबी वाढवून भरपाई करतो, हे खरे आहे. परंतु ही भरपाई तो स्वतःला मिळणाऱ्या व्होल्टेजवरून करतो, इंजेक्टरला मिळणाऱ्या नव्हे. रिलेचा पॉइंट जळका असेल, किंवा कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढला असेल, तर ईसीयूच्या हिशेबी १४ व्होल्ट असतात आणि कॉइलपर्यंत १२ सुद्धा पोहोचत नाहीत. वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा समुद्रालगतच्या भागांत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत खाऱ्या, दमट हवेमुळे असा गंज लवकर धरतो. असा दोष आयडलला सर्वांत जास्त जाणवतो आणि वेग वाढला की झाकला जातो, म्हणूनच तो चोंदलेल्या इंजेक्टरसारखा भासतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या धन टोकापासून इंजेक्टरच्या पुरवठ्याच्या पिनेपर्यंत किती व्होल्ट गळतात, हे मल्टिमीटरने मोजायला पाच मिनिटे लागतात. ही पाच मिनिटे वाचवण्यात काहीही शहाणपण नाही, असे माझे ठाम मत आहे.

नवा इंजेक्टर बसवताना कनेक्टर काढला-घातला जातो, पिना घासल्या जातात आणि गाडी काही दिवस खरोखरच सुधारते. श्रेय मात्र नव्या इंजेक्टरला मिळते.

इंजेक्टर चालतो का हे पाहण्यासाठी त्याला थेट बॅटरी जोडण्याची सवयही सोडावी. जुन्या पद्धतीच्या उच्च रोधाच्या इंजेक्टरची कॉइल साधारण १२ ते १६ ओहमची असते आणि ती हा अत्याचार क्षणभर सहन करते. थेट सिलिंडरमध्ये फवारा सोडणाऱ्या इंजेक्टरचा रोध एखाद-दोन ओहमच असतो आणि अशा जोडणीने त्याची कॉइल जळू शकते.

स्कॅनरने सांगितले म्हणून मान्य करणे

स्कॅनरवर दिसणारा पी ०१७१ हा दोषाचा कोड हवा-इंधनाच्या मिश्रणात इंधन कमी पडते एवढेच सांगतो. इंजेक्टर चोंदला, असे तो कुठेही म्हणत नाही. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने इंधनात टक्क्यांनी केलेली वाढ-घट, आयडलला खूप धन असेल आणि २५०० आरपीएमला शून्याकडे सरकत असेल, तर इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाला हवा नेणाऱ्या मार्गात, कुठेतरी फाटकी नळी किंवा सैल गॅस्केट हवा ओढत आहे. उलट, भार वाढेल तशी ट्रिम वाढत असेल, तर आधी दाब मोजावा. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे ३ बारचा दाब २.५ बारवर आला, तर चारही इंजेक्टर एकदम ९ टक्के कमी इंधन देऊ लागतात. चारही इंजेक्टर एकाच वेळी सारखेच चोंदले, असे मानण्यापेक्षा पंप किंवा फिल्टरवर संशय घेणे अधिक योग्य आहे.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचाही इथे विचार करावा लागतो. निव्वळ पेट्रोलला संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे साडेतेरा पट. म्हणजेच तेवढ्याच हवेला वजनाने आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. निव्वळ पेट्रोल धरून जुळवलेल्या जुन्या गाडीत ट्रिम तेवढी धन दिसली, तर तो दोष नाही, ते इंधनाचे रसायन आहे.

एकाच सिलिंडरमध्ये मिसिंग असेल, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नसेल, तेव्हा मात्र इंजेक्टरवर संशय घेण्याला अर्थ आहे. आधी इग्निशन कॉइलची अदलाबदल करून पाहावी. तरीही मिसिंग जागचे हलले नाही, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे इंजेक्टर आपापसात बदलावेत. दुसऱ्या सिलिंडरच्या मिसिंगचा कोड पी ०३०२ जाऊन तिसऱ्याचा पी ०३०३ आला, तर इंजेक्टर दोषी. कोड तोच राहिला, तर वायरिंग, व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन तपासावे. या चाचणीला नव्या ओ-रिंगांशिवाय (इंजेक्टरच्या रबरी कड्यांशिवाय) काहीही खर्च येत नाही.

सीएनजीवर पळवून पेट्रोल विसरणे

मुंबईत ही चूक फार मोठ्या प्रमाणावर होते. टॅक्सीवाले आणि रोज उपनगरांतून ये-जा करणारे महिनोन्‌महिने सीएनजीवर चालतात. त्या काळात पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात, पण इंजिनाची उष्णता सोसत असतात. एरवी त्यांच्यातून वाहणारे इंधनच त्यांना थंड ठेवते. ते थांबले की टोकाशी अडकलेले पेट्रोल सुकते आणि त्याचा चिकट थर सुईवर बसतो. मग थंड इंजिन पेट्रोलवर सुरू होताना गाडी उठत नाही किंवा उठून बंद पडते. टाकीत नेहमी निदान पाव भाग ताजे पेट्रोल ठेवावे आणि दर आठवड्याला काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी. सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर गाडी सुरळीत असेल, तर पेट्रोलच्या इंजेक्टरना हात लावण्याचे कारणच नाही. गॅसचा फिल्टर आणि गॅसचे इंजेक्टर पाहावेत.

हिंदमाता किंवा शीवच्या तुंबलेल्या पाण्यातून निघालेल्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. इथेनॉल ठरावीक मर्यादेपर्यंत पाणी सामावून घेते, त्यापलीकडे पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात आणि पंप नेमका तळातून ओढतो. टाकीच्या तळातले इंधन काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवले, तर दोन थर स्पष्ट दिसतात. ते दिसल्यावर टाकी रिकामी करून धुवावी आणि फिल्टर बदलावा. त्याआधी नवे इंजेक्टर बसवले, तर तेच पाणी त्यांच्यातूनही जाईल.

सफाई आणि बदलीतल्या चुका

छिद्रात तार किंवा सुई घालून साफ करू नये. छिद्राची धार आणि कोन यांवरच फवाऱ्याचे थेंब किती बारीक होतात हे ठरते आणि एकदा ओरखडा पडला की तो भरून येत नाही. अल्ट्रासॉनिक सफाई योग्य आहे, पण सफाईच्या आधी आणि नंतर प्रवाह मोजून दाखवणाऱ्याकडेच ती करावी. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला स्पर्शच करत नाही, त्यामुळे टाकीत ओतलेल्या क्लीनरने त्या व्हॉल्व्हवरचा कार्बन जाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेला इंजेक्टर कनेक्टरला जुळला आणि भोकात बसला, म्हणजे तो योग्य ठरत नाही. प्रत्येक सिलिंडरला दोन इनटेक व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनासाठी फवारा दोन शाखांचा केलेला असतो. एकाच शाखेचा इंजेक्टर बसवला, तर इंधन मधल्या भिंतीवर आदळते आणि थंड इंजिन अडखळते. जास्त प्रवाहाचा इंजेक्टर आणखी त्रास देतो, कारण आयडलला त्याला इतका थोडा वेळ उघडावे लागते की सुई पुरती उचलली जाण्याआधीच बंद होते आणि प्रत्येक वेळी मात्रा वेगळी पडते.

कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या रेलमधून इंधन मिळते अशा इंजिनात, चुकीची किंमत सर्वांत मोठी असते. इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड त्या एका नगाच्या मोजमापाचा असतो. नवा इंजेक्टर बसवून कोड ईसीयूत भरला नाही, तर इंजिन खडखडते आणि धूर सोडते. खालचा तांब्याचा वॉशर दरवेळी नवा हवा आणि जुना वॉशर आसनात चिकटून राहिला नाही ना, हे टॉर्चने पाहावे. या रेलमध्ये १,६०० बार आणि त्याहून अधिक दाब असतो, म्हणून गळती शोधताना हात कधीही जवळ नेऊ नये. डोळ्यांना न दिसणारी धार कातडी भेदून आत शिरते आणि जखम टाचणीएवढी दिसली, तरी तत्काळ शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. इंजिन बंद करून कंपनीने सांगितलेला वेळ थांबावे, दाब उतरल्याची स्कॅनरवर खात्री करावी, मगच पान्याला हात घालावा. आणि गळती शोधायची असेल, तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा.