निळी-पांढरी थाळी चिनी की जपानी, हे कसे ओळखावे

सतराव्या शतकातील म्हणून सांगितलेली निळ्या-पांढऱ्या पोर्सिलेनची थाळी हाती आली, की ती आधी पालथी करून पाहावी. दर्शनी बाजू मुद्दाम चिनी वाटावी अशीच रंगवलेली असते. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळल्यानंतरच्या धामधुमीत चिनी मालाचा पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीने जपानमधील क्यूशू बेटावरच्या आरिता गावाकडे मोर्चा वळवला आणि १६५९ पासून तेथील भट्ट्यांकडे मोठ्या मागण्या नोंदवल्या, त्याही चिनी धाटणीच्याच. त्यामुळे नक्षीवरून निदान करू गेल्यास जाणकारही चकतो.

तळाच्या कडीच्या, म्हणजे ज्या उंचवट्याच्या गोल पट्टीवर थाळी टेकते तिच्या आत, झिलईवर, तीळभर आकाराचे तीन ते पाच खरबरीत ठिपके दिसतात का, ते तिरप्या उजेडात पाहावे आणि बोटाने चाचपावे. मोठी थाळी भट्टीत मधोमध खचू नये म्हणून आरिताचे कारागीर तिच्या बुडाखाली मातीचे लहान सुळके टेकू म्हणून लावत. भाजून झाल्यावर ते तोडले, की हे व्रण उरत. मिंगकालीन निर्यातीच्या थाळ्यांवर ते नसतात. तेथे कडीला भट्टीतली वाळू चिकटलेली आणि बुडावर चाकावर तासताना उठलेल्या, केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषा आढळतात. लहान वाट्या-पेल्यांना मात्र टेकू लागत नसे, म्हणून तेथे व्रण नसल्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

त्यानंतर कड तपासावी. चिनी थाळी पातळ असते आणि कडेवरची झिलई जागोजागी उडून किडीने कुरतडल्यासारखी दिसते. आरिताची थाळी बहुधा जाड व वजनदार भरते. निळ्या रंगाच्या छटेवर फार विसंबू नये, कारण ती कोबाल्टच्या प्रतीनुसार आणि भट्टीच्या आचेनुसार दोन्हीकडे बदलते.

नक्षीकडे वळावे ते यानंतर. मध्यभागी फुले, पक्षी किंवा निसर्गदृश्य आणि भोवती आळीपाळीने रुंद व अरुंद कप्पे, ही मूळ चिनी मांडणी; जपानी हातात गेल्यावर कप्प्यांतील चिनी शुभचिन्हांचे तपशील अनेकदा सैल होतात. व्ही, ओ, सी ही कंपनीच्या डच नावाची गुंफलेली आद्याक्षरे मध्यभागी आणि त्यांच्याभोवती फिनिक्सची जोडी व डाळिंबे असलेल्या थाळ्या आरिताच्या म्हणून प्रसिद्ध आहेत. पण त्यांच्या नकलाही होतात, हे विसरू नये.

बुडावरच्या शिक्क्याला, म्हणजे तेथे लिहिलेल्या सम्राटाच्या नावाला, मी सर्वांत कमी किंमत देतो. मिंग सम्राट चेंगहुआ (कारकीर्द १४६४ ते १४८७) याचे नाव आरिताच्या कारागिरांनी दोन शतकांनंतर बिनदिक्कत लिहिले आणि तसे चीनमध्येही झाले.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील चिनी व जपानी कलावस्तू आहेत. कुंचल्याच्या रेषेची सवय डोळ्यांना व्हावी म्हणून असे संग्रह जरूर पाहावेत. अर्थात काचेआडच्या थाळीचे बूड सहसा दिसत नाही. लिलावातून विकत घेताना मात्र बुडाचे, तिरप्या उजेडातले स्पष्ट छायाचित्र मागावे, आणि विक्रेता ते देण्यास टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.