धडधड अचानक सुरू झाली तर: फुंका, लगेच आडवे व्हा, पाय वर

माझी धडधड बटण दाबल्यासारखी सुरू होते. कांदा चिरत असते, कुकरची दुसरी शिट्टी होते, मध्येच एक ठोका चुकतो, पुढचा जोरात आदळतो आणि तिथून नाडी थेट १९०. गळ्याच्या खळगीत फडफड नुसत्या डोळ्यांना दिसते. थांबते तीसुद्धा तशीच, एका क्षणात. डॉक्टर याला एसव्हीटी (सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया) म्हणतात. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये विजेचा संदेश पुढे पाठवणारी एक गाठ सगळ्यांनाच असते, ती आजाराची गाठ नव्हे. एसव्हीटीच्या नेहमीच्या प्रकारात तिथे हा संदेश पुढे जायचं सोडून गोल गोल फिरायला लागतो आणि प्रत्येक फेरीला एक ठोका पडतो. ११ वर्षं मी हे सहन करतेय. त्यातली पहिली तीन वर्षं चुकीच्या सल्ल्यांत गेली, म्हणून हे लिहितेय.

एक अट मात्र आधीच सांगते. ईसीजी काढून तुमचं निदान एसव्हीटी असंच झालेलं असेल आणि डॉक्टरांनी घरी रिकाम्या सिरिंजमध्ये जोर लावून फुंकून बघायला परवानगी दिली असेल, तरच पुढचं करा. आयुष्यात पहिल्यांदाच अशी धडधड होत असेल, तर लेख बाजूला ठेवा आणि जवळच्या कॅज्युअल्टीत जा. छातीत दुखतंय, दम लागलाय, डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध हरपली, दरदरून घाम फुटला, वरचं ब्लडप्रेशर ९० च्या खाली गेलं, किंवा तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, यातलं काहीही असेल तर घरचे कुठलेही उपाय करायचे नाहीत. १०८ ला फोन करा. लोकलमध्ये असाल तर १३९. स्वतः स्कूटर चालवत निघायचं नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला संध्याकाळी अडकलात की ना पुढे ना मागे, आणि त्यात चालवणाऱ्यालाच चक्कर आली तर काय होईल ते सांगायला नको.

नाडी बघा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची, अंगठा नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते. १८० च्या पुढे बोटांनी मोजणं जमत नाही, तिथे ऑक्सिमीटर लावा. पण आकड्यापेक्षा ताल महत्त्वाचा. ठोके घड्याळासारखे एकसारखे पण वेगात पडत असतील, तर ती एसव्हीटीची चाल. ठोके कसेही पडत असतील, दोन जवळ, एक लांब, एक जोरात, एक हलका, काही मेळच नाही, तर ते एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांचं बेताल फडफडणं, असू शकतं. तिथे फुंकून काही होत नाही. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जायची भीती असते, आणि ४८ तास उलटून गेले की डॉक्टरांनाही लगेच ताल पूर्ववत करता येत नाही, आधी गुठळी नाही याची खात्री करावी लागते. घरातल्या आजी-आजोबांना असं वाटत असेल तर "उद्या बघू" म्हणू नका. दिवसभरात एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं वेगळं. तपासणीत हृदय चांगलं निघालं असेल तर त्याला बहुतेक वेळा घाबरायचं कारण नसतं.

आता जिथे मी तीन वर्षं चुकत होते, ती गोष्ट.

मला सांगितलेलं एवढंच होतं: "नाक दाबा, तोंड मिटा, जोर लावा." मी सिंकजवळ उभी राहून गाल फुगवायचे, पाच-सहा सेकंदांत सोडून द्यायचे. कधी थांबायचं, बहुतेक वेळा नाहीच. मग सासूबाई म्हणायच्या, "अगं, पित्त असेल, कोकम घे थोडं." त्या प्रेमाने म्हणायच्या, पण त्यात अर्धा-पाऊण तास जायचा. एका डॉक्टरांनी तर धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी बघून "टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवलं. धडधड थांबली की ईसीजी बहुतेक वेळा साधाच येतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

एका रात्री कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर मुलगी ड्यूटीवर होती. तिने मॉनिटर लावला, आकडा १८८. तिने १० मिलीची रिकामी सिरिंज माझ्या हातात दिली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "काका, तुम्ही पायाशी उभे राहा." मला पाठीशी उशा लावून अर्धवट टेकवून बसवलं. "सिरिंजच्या टोकात फुंका. दट्ट्या हलायला लागेल एवढाच जोर लावायचा, आणि मी थांबा म्हणेपर्यंत सोडायचं नाही." ती सेकंद मोजत होती. पंधरा झाल्याबरोबर तिने पलंगाची पाठ खाली पाडली आणि यांना म्हणाली, "उचला पाय." यांनी दोन्ही पाय घोट्याशी धरून वर केले. सात-आठ सेकंद झाले असतील, छातीत एक रिकामी जागा पडल्यासारखं झालं, मग एक मोठा ठोका, आणि पडद्यावर १८८ चे ९४ झाले. मी रडलेच.

२०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये एक चाचणी छापून आली. इंग्लंडमधल्या १० रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत एसव्हीटीच्या ४०० हून अधिक रुग्णांवर ती झाली होती. नुसतं बसून फुंकणाऱ्यांपैकी १७ टक्के लोकांचे ठोके ताळ्यावर आले. फुंकून लगेच आडवे होऊन पाय वर केलेल्यांपैकी ४३ टक्क्यांचे. जोर दोन्हीकडे सारखाच, फरक पडला तो पुढच्या आडवं होण्याचा आणि पाय वर करण्याचा. या फुंकण्याला वाल्साल्व्हाचं नाव आहे. हा इटलीतला शरीरशास्त्रज्ञ, १७०४ मध्ये त्याने कानावर ग्रंथ लिहिला आणि हा जोर तो कानातला पू बाहेर काढायला वापरायला सांगायचा.

आपण कुंथतो तेव्हा छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. जोर सोडला की ते रक्त एकदम आत येतं, रक्तदाब उसळतो, मानेतल्या धमनीतले आणि महाधमनीतले दाब ओळखणारे संवेदक ते टिपतात, आणि वेगस नावाची नस हृदयाला "हळू" असा निरोप देते. तो निरोप त्या गाठीपाशी पोचला की संदेशाची गोल फेरी तुटते. पाय वर केले की पायांतलं रक्तही त्याच क्षणी हृदयाकडे येतं आणि ही उसळी मोठी होते. म्हणजे जोर लावतानाचे १५ सेकंद ही फक्त तयारी, खरं काम जोर सोडल्यावर होतं. उभ्याने जोर लावून, सोडून, तसंच उभं राहिलं तर त्यातला निम्मा फायदा गेला.

आता ते नीट कसं करायचं. पलंगावर पाठीशी दोन लोड किंवा तीन उशा रचून साधारण ४५ अंशांत टेकून बसा. मेडिकलमधून आणलेल्या नव्या सिरिंजचा दट्ट्या घट्ट असतो, तो आधी एकदा मागे-पुढे करून मोकळा करा, मग पुन्हा आत लावा. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि मी एकदा न हलणाऱ्या दट्ट्यावर जीव खाऊन फुंकत बसले होते. सुई लावायची नाही, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगते. ओठ टोकाभोवती घट्ट. गाल फुगत असतील तर जोर तोंडात चाललाय, छातीत नाही. पोट घट्ट झालं पाहिजे, शौचाला कुंथल्यासारखं. १५ सेकंद पूर्ण, आणि ते दुसऱ्याने मोठ्याने मोजायचे, कारण धडधडीत आपले पंधरा सेकंद सातच होतात. पंधरा म्हटल्याबरोबर जोर सोडा, उशा बाजूला ओढा, सपाट आडवे व्हा, आणि दुसऱ्याने दोन्ही पाय सरळ ठेवून ४५ अंशांपर्यंत उचलायचे. तेही १५ सेकंद. मग पुन्हा टेकून बसा, पाऊण मिनिट शांत राहा, आणि नाडी बघा.

जोर सोडणं आणि आडवं होणं यांच्यामध्ये वेळ जाता कामा नये. "उशी कुठेय, थांब, फोन बाजूला ठेवते" असं केलं की उसळी निघून जाते. म्हणून माझा आग्रह आहे, आणि तो मी सोडणार नाही: हे बरं वाटत असताना घरातल्यांबरोबर दोनदा करून बघा. फुंकायचं नाही, नुसत्या हालचाली. आमच्याकडे माझी नववीतली लेक पाय धरते. पहिल्या वेळी तिने पाय गुडघ्यात वाकवून छातीकडे आणले होते. ते तेव्हाच कळलं म्हणून बरं. एकट्याने करायची वेळ आली तर भिंतीला चिकटून बसा आणि सुटल्याबरोबर आडवे होऊन टाचा भिंतीवर टेकवा. तेवढं जोरदार होत नाही, पण होतं.

दोनदा करा, फार तर तीनदा. तेवढ्याने नाही थांबलं तर मी आणि माझ्या डॉक्टरांनी २० मिनिटांची सीमा ठरवली आहे, मग कॅज्युअल्टी. तुमची सीमा तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

काहींनी हे फुंकणं करूच नये: नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले, महाधमनीची झडप आकुंचित असलेले, काचबिंदू किंवा मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झालेले, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेले, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाया. आणि मानेच्या बाजूची नस चोळणं तुमचं तुम्ही कधीही करू नका, दुसऱ्याला करू देऊ नका. तिथल्या धमनीत चरबीचा थर असेल तर तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो. डोळ्यांची बुबुळं दाबण्याचा सल्ला तर अजून फिरतो, त्याने डोळा जाऊ शकतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो "एकटे असताना जोरजोरात खोकत राहा, हार्ट अटॅक टळेल" हा निरोप पुढे पाठवणं कृपा करून बंद करा. त्याने अटॅक टळत नाही, दवाखान्यात जायचा वेळ मात्र जातो.

बाहेर असताना: लोकलच्या लेडीज डब्यात दारात उभ्या असाल तर आधी आत या आणि खाली बसा. कोण काय म्हणेल याचा विचार नको. मी कळव्याच्या पुढे एकदा बायांच्या पायांत बसले होते, त्यांनी लगेच जागा केली, एकीने पदराने वारा घातला. पुढच्या स्टेशनवर बरोबर कुणाला तरी घेऊन उतरा. प्लॅटफॉर्मच्या बाकावर आडवं होता येतं.

कॅज्युअल्टीत गेल्यावर दारातच सांगा: "धडधड चालू आहे, आत्ता ईसीजी काढा." केस पेपर नंतर. धडधड चालू असतानाचा ईसीजी ही तुमच्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, त्यावरच पुढचे उपचार ठरतात. फुंकून थांबलं नाही तर शिरेतून अ‍ॅडेनोसिन देतात, आधी ६ मिलिग्रॅम, नाही थांबलं तर १२. ते देताना छातीवर कुणी बसल्यासारखं, आता सगळं संपलं असं वाटतं. हे आधी माहीत असू दे. ते औषध काही सेकंदांतच शरीरातून नाहीसं होतं आणि ती भावनाही जाते. दमा असेल तर आधी सांगा. नुकतीच कॉफी प्यायला असाल तर तेही सांगा, तिने औषधाचा जोर कमी होतो.

ईसीजीचा तो कागद उष्णतेने छापलेला असतो. मी माझा पहिला कागद जपून राहावा म्हणून स्टेशनजवळ लॅमिनेट करायला दिला आणि तो यंत्रातून काळाठिक्कर बाहेर आला. धडधडीचा माझ्याकडे तेव्हा तेवढाच एक पुरावा होता, पुढचा मिळायला सात महिने लागले. मिळाल्याबरोबर फोटो काढा, झेरॉक्स काढा, घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा.

धडधड थांबल्यावर तासभर वारंवार लघवीला लागते, ते साहजिक आहे, पाणी प्या. वहीत चारच गोष्टी लिहा: किती वाजता, काय करत असताना, किती वेळ, कशाने थांबली. मला त्यातून कळलं की जागरण आणि सर्दीच्या गोळ्या एकत्र आल्या की हमखास होतं. नाक मोकळं करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत ठोके वाढवणारं औषध असतं, म्हणून मेडिकलवाल्याला आता मी आधीच सांगते. जुलाबाने पोटॅशियम कमी झालं, थायरॉइड वाढलं, रक्त कमी झालं तरी होतं, तेव्हा त्या तपासण्या एकदा करून घ्या.

वारंवार होत असेल तर हृदयाच्या विद्युतप्रवाहाच्या तज्ज्ञांना भेटा आणि अ‍ॅब्लेशनबद्दल विचारा. जांघेतल्या शिरेतून तार नेऊन ती वेडी वाट जाळून टाकतात. एसव्हीटीच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात साधारण शंभरातल्या पंचाण्णव जणांना गुण येतो. त्यात गाठीला इजा होऊन पेसमेकर लागण्याचा थोडा धोका असतो, तोही स्पष्ट विचारा. मी आठ वर्षं टाळलं, आता दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे.

तोपर्यंत सिरिंज तीन ठिकाणी आहेत: पलंगाशेजारच्या खणात, पर्समध्ये, आणि स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्यामागे. पर्समधलीवर लेकीने मार्करने लिहिलंय, "१५, आडवी, पाय".