कॅनॉलमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साईड काढताना: कोणती पद्धत कुठे चालते

रूट कॅनॉल उपचारात दोन भेटींच्या मध्ये जंतू मारायला कॅल्शियम हायड्रॉक्साईडची पेस्ट कॅनॉलमध्ये, म्हणजे मुळातल्या पोकळीत, ठेवतात. दुसऱ्या भेटीत ऑब्ट्युरेशनची, म्हणजे कॅनॉल कायमचा भरून बंद करण्याची, घाई असते आणि पेस्ट राहते ती नेमकी मुळाच्या टोकाकडच्या तिसऱ्या भागात. राहिलेला थर सीलरला (भरावाच्या फटी बुजवणारं सिमेंट) डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण भागाच्या, नलिकांमध्ये शिरू देत नाही. झिंक ऑक्साईड युजेनॉलचा सीलर असेल तर त्याचं सेटिंगही बिघडतं.

आधी पेस्ट कशात कालवली होती ते केस पेपरवर बघा. पाण्यातली तुलनेने लवकर निघते. सिलिकॉन तेलातली, आयोडोफॉर्मवाली भिंतीला चिकटून बसते. सोडियम हायपोक्लोराईट सेंद्रिय ऊती विरघळवतं, कॅल्शियम हायड्रॉक्साईड नाही. त्यासाठी १७ टक्के ईडीटीए किंवा १० टक्के सायट्रिक आम्ल लागतं, कारण ते कॅल्शियम धरून ठेवतं.

सुरुवात मास्टर एपिकल फाईलने (कॅनॉलच्या टोकापर्यंत वापरलेली सर्वांत जाड फाईल) करा. वर्किंग लेन्थपर्यंत (कॅनॉलमध्ये काम करायची मोजून ठरवलेली लांबी) हलक्या हाताने फिरवून थर मोकळा करा, मगच सिरिंज घ्या. ३० गेजची, बाजूला छिद्र असलेली सुई लेन्थपेक्षा १ ते २ मिमी आखूड ठेवा आणि वरखाली हलवत राहा. सुई अडकली तर दाबू नका. द्रव मुळाच्या टोकाबाहेर जाण्याचा धोका तिथेच असतो. मात्र सुईतला द्रव तिच्या टोकापुढे फारसा जात नाही, आणि कॅनॉल अंडाकृती असेल तर बाजूच्या खाचा तशाच राहतात. म्हणून निव्वळ सिरिंजवर थांबणं आम्हाला पटत नाही.

आमची पसंती पॅसिव्ह अल्ट्रासोनिकला, म्हणजे भिंतीला न लावलेली फाईल अतिध्वनी कंपनांनी द्रवात हलवण्याला. कॅनॉल द्रवाने भरा, १५ किंवा २० नंबरची फाईल लेन्थच्या १ ते २ मिमी अलीकडे मधोमध धरा, २० सेकंद चालवा, द्रव बदला, असं तीनदा. फाईल भिंतीला टेकली की कंपन दबतं, लेज (भिंतीत नको असलेली पायरी) पडू शकतो. वाकड्या मुळात ती टेकतेच, त्यामुळे तिथे लवचीक पॉलिमर टोकाचं सोनिक (कमी वारंवारितेच्या कंपनाचं) उपकरण बरं, जरी त्याचा जोर कमी असला. एक्सपी-एंडो फिनिशर (बारीक फिरती फाईल) शरीराच्या तापमानाला आकार बदलून खाचांत पोचतो. हाताशी असेल तर तेलातल्या पेस्टसाठी जरूर वापरा. यांपैकी कशानेही कॅनॉल शंभर टक्के स्वच्छ होत नाही.

कॅनॉलमध्ये कधी कधी ठेवतात ती तिहेरी अँटिबायोटिक पेस्ट (तीन प्रतिजैविकांची) याहून चिवट. ती डेंटिनमध्ये खोल मुरते, तिथे कोणत्याही पद्धतीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

क्ष-किरणात पेस्ट दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका: बेरियम सल्फेटसारखा घटक मिसळलेला नसेल तर तिची सावली डेंटिनसारखीच येते. पेपर पॉइंटच्या (कॅनॉल सुकवायची शोषक कागदाची काडी) टोकाला पांढरी पूड लागली, तर ईडीटीएची आणखी एक फेरी द्या.