कोकणात नव्यानं आलात? पावसाची वही आजच सुरू करा

बदली होऊन, लग्न करून, नाहीतर नोकरीच्या निमित्तानं दरवर्षी घाटावरची कितीतरी माणसं कोकणात येतात. शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक, बँकेतले. मीही तशीच आले. माहेर धाराशिव जिल्ह्यात, शाळा दापोली तालुक्यात, आणि आता घर, मुलं, मतदान सगळं इथलंच. नवीन माणसाला खोली कुठे मिळेल, मासळी कुणाकडून घ्यावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पावसाचा विषय निघाला की मात्र ‘इकडं जरा जास्तच असतो’ एवढ्यावर बोळवण होते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. वादळ येतं तेव्हा काय बघायचं, काय टिपून ठेवायचं आणि इतरांना काय कळवायचं, यावर माझा भर आहे, कारण इथे त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

आधी आकड्यांचा अंदाज येऊ द्या. आमच्या धाराशिवकडे वर्षाकाठी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस झाला की वर्ष बरं गेलं म्हणतात. इथे किनाऱ्याला तीन हजारांच्या आसपास पडतो, आंबोलीला सात हजारांच्या घरात जातो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे ‘लई पाऊस आहे’ या निरोपाचा इथे कुणालाच उपयोग होत नाही. हवामान खात्याच्या पायऱ्या पाठ करून टाका: चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, आणि त्याच्या वर गेला की सगळ्यांत वरची पायरी. ढगफुटी हा शब्द तर फार जपून वापरा. एका ठिकाणी एका तासात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर खातं त्याला ढगफुटी म्हणतं. जोराची सर आली की कुणीतरी ढगफुटी झाल्याचं कळवतं, मग मुंबईतले चाकरमानी घाबरून गावी फोन लावत बसतात, आणि खरोखर गरज असलेल्याचा फोन लागत नाही.

मोजायला महागडं काही लागत नाही. प्लास्टिकचं साधं पर्जन्यमापक घ्या. तेही नसेल तर सपाट बुडाचा, वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा डबा आणि पट्टी चालते. जागा निवडताना मात्र हयगय नको. माड-पोफळीच्या वाडीत ठेवलंत तर पाऊस थांबल्यावरही झावळ्यांवरून थेंब पडत राहतात. खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या अंगणात, ठेवलंत तर पागोळ्यांचं पाणी उडून आत जातं. जवळच्या झाडाची किंवा घराची जेवढी उंची, तिच्या निदान दुप्पट अंतरावर, मोकळ्यावर ठेवा. शाळेचं मैदान किंवा गावाबाहेरचा कातळ उत्तम. वाचायची वेळ सकाळी साडेआठ, कारण देशभरच्या वेधशाळा त्याच वेळी वाचतात आणि तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. २३ तारखेच्या सकाळी वाचलेला पाऊस हा २२च्या साडेआठपासूनचा असतो, हेही वहीत स्पष्ट लिहा. जुलैतल्या जोराच्या रात्री छोटं मापक भरून वाहायला लागतं. अशा वेळी झोपण्यापूर्वी एकदा मोजा, वहीत लिहा, ओतून द्या, आणि सकाळच्या आकड्यात ते मिळवा.

हे रोज करायचं. ऊन पडलं त्या दिवशीही शून्य लिहायचं. नवीन लोक वादळाची बातमी आली की उत्साहानं मोजायला लागतात आणि वादळ गेलं की सोडून देतात. पण ज्याला आपल्या गावचा जुलैतला नेहमीचा दिवस माहीत नाही, त्याला आजचा दिवस वेगळा आहे हे कळणार कसं? तुमच्या वहीत एक सबंध पावसाळा जमा झाला की गावात तुमच्या शब्दाला वजन येतं. सरपंच, पोलीस पाटील, होडीवाले आपणहून विचारायला येतात.

मोबाइलवर रडारचं चित्र दिसत असताना ही उठाठेव कशाला, असं तरुण मुलं विचारतात. रडार बघा, जरूर बघा. पण मुंबई आणि गोव्याची रडारं दापोली-गुहागरपासून बरीच लांब पडतात. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वीचा पृष्ठभाग गोलाईनं खाली उतरत जातो, त्यामुळे एवढ्या अंतरावर तो झोत जमिनीपासून दोन-तीन किलोमीटर उंचीवरून जात असतो. आपले पावसाळी ढग पुष्कळदा त्याच्या खालीच बरसत असतात. शिवाय पावसाला गावाच्या हद्दी ठाऊक नसतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला सुमारे ७४. म्हणून ‘आमच्याकडे आत्ता पाऊस नाही, नदी पात्रात आहे’ हा निरोपसुद्धा तितकाच मोलाचा. तोही पाठवा.

निरोप कसा असावा? गाव आणि वाडी, घड्याळातली वेळ, डोळ्यांनी पाहिलेलं किंवा मोजलेलं, बस. उदाहरणार्थ: ‘पाजपंढरी, सकाळी ११.१०. वारा आग्नेयेकडून. पोफळी वाकतायत, एक मोडली. साडेआठपासून पाऊस ४२ मिमी. वीज गेली.’ ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा. दुसऱ्यानं पाठवलेला व्हिडिओ पुढे ढकलू नका. दर वादळात कुठल्या तरी जुन्या पुराची, परदेशातल्या लाटांची चित्रं आपल्या किनाऱ्याची म्हणून फिरतात आणि त्यात खरी हाक बुडून जाते.

आता वारा. आपण घाटावरची माणसं ढगाकडे बघतो, कोळी वाऱ्याकडे बघतो. आमच्या शेजारचे तांडेलकाका मला पहिल्यापासून सांगत आले, ‘बाई, वारा फिरला काय तेवढं बघा. जोर मागाहून.’ यामागचं गणित सोपं आहे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की वादळाचं केंद्र साधारण आपल्या उजव्या हाताला असतं. वादळ नैऋत्येला समुद्रात असताना वारा आग्नेयेकडून येतो. ते आपल्या पश्चिमेला आलं की दक्षिणेकडून, आणि उत्तरेला सरकलं की नैऋत्येकडून, पश्चिमेकडून. दिशा अशी क्रमानं फिरत गेली तर वादळ आपल्याला बाजूला ठेवून चाललं आहे. दिशा बदलत नाही आणि जोर मात्र वाढतोय, तर ते आपल्याच रोखानं येतंय, हे धरून चाला.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. हवामान खात्यानं तेव्हा ताशी ११० ते १२० किलोमीटरचे वारे आणि १३०पर्यंतचे झोत सांगितले होते. आम्ही दक्षिणेला होतो, आणि माझ्या त्या दिवशीच्या वहीत हाच क्रम उतरला आहे. सकाळी: ‘वारा आग्नेयेचा, समुद्र गढूळ, झावळ्या एकाच बाजूला.’ बाराच्या पुढे: ‘दक्षिणेचा. कौलं उडतायत, कोने गेले. बाहेर उभं राहवत नाही.’ त्याच्या खाली: ‘मोबाइल बंद.’ मग दुपार उलटल्यावर: ‘नैऋत्येचा, आवाज कमी. समोरची वाडी दिसत नाही.’ ती माडा-पोफळीची वाडी दिसत नव्हती कारण ती उरलीच नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या राखलेले माड, पोफळी, आंबे दोन-तीन तासांत आडवे झाले होते. आमच्या बाजूच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले.

मोबाइल बंद पडतो हे गृहीतच धरा. वादळाच्या आदल्या दिवशी आजूबाजूच्या चार-पाच गावांतल्या नोंदी ठेवणाऱ्यांशी वेळा ठरवून घ्या: कोण कोणत्या तासाला निरोप देणार, आणि ठरल्या वेळी एखाद्याचा निरोप आला नाही तर तिकडे पहिलं कोण जाणार. पेन्सिल आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, बॅटरी हाताशी ठेवा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र नसलं तरी चालतं. लहान फांद्या मोडू लागल्या आणि वाऱ्यासमोर चालणं जड झालं, तर वेग ताशी ६० ते ७५ किलोमीटरच्या आसपास आहे. त्यानंतर घराबाहेर पाऊल टाकू नका. खिडकीतून दिसेल तेवढंच लिहा. नारळ, झावळी, पत्रा, तुटलेली तार यांतलं काहीही जीव घेऊ शकतं. लाटांचे फोटो काढायला बंधाऱ्यावर जाणाऱ्यांना हात धरून मागे ओढा. आणि वारा अचानक पडून आभाळ उघडलं तर सुटलो म्हणून बाहेर येऊ नका. वादळाचा डोळा डोक्यावर असू शकतो, मग वारा उलट्या दिशेनं तितक्याच जोरानं येतो.

काही मोबाइलमध्ये हवेचा दाबही दिसतो, आणि वादळ जवळ येतं तसा तो उतरत जातो. एक गोष्ट लक्षात ठेवा: आपल्या भागात दाब रोजच दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली, फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. त्यामुळे दुपारच्या घसरणीनं घाबरायचं कारण नाही. आजचा चारचा दाब कालच्या चारच्या दाबाशी ताडून बघा.

बंदरावरचा बावटा बघायची सवय लावा. तीन नंबरचा बावटा म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याचा धोका. त्यावरचे आकडे वाढत जाऊन अकरावर थांबतात, आणि अकराचा अर्थ खात्याशी संपर्कच तुटला.

भरतीची वेळ माहीत नसेल तर कोकणात पाऊस कळला असं म्हणता येत नाही. इथली जुनी रीत अशी: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, आणि साधारण साडेबारा तासांनी पुन्हा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. त्याच वेळी वर डोंगरात मुसळधार झाली तर नदीचं पाणी खाडीत उतरायला वाट मिळत नाही. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. वाशिष्ठीला घाटाचं पाणी येतं, कोयनेच्या वीजघरांतून कोळकेवाडीमार्गे सोडलेलंही येतं. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि तिथल्या पश्चिम उतारावरचं पाणी सावित्रीतून महाडकडेच येतं. म्हणून खाली राहणाऱ्यानं वरच्या माणसाशी ओळख ठेवावी. चिपळूणला राहायला गेलात तर वरच्या पोफळी-अलोरे या गावांकडचा कुणीतरी, खेडला जगबुडीच्या वरच्या अंगाचा, राजापूरला अर्जुनेच्या वरचा. त्यांनी रात्री दोनला ‘पऱ्या (ओढा) रस्त्यावर आलाय’ एवढं कळवलं तरी तुम्हाला म्हातारी माणसं, गुरं, कागदपत्रं हलवायला वेळ मिळतो. मला विचाराल तर नवीन माणसानं गॅसजोडणीच्या आधी ही ओळख करून घ्यावी.

डोंगराखाली घर घेतलं असेल तर पावसाच्या आकड्याबरोबर जमीनही बघत चला. नवी भेग, तिरकं झालेलं झाड, एकाएकी गढूळ झालेला किंवा बंद पडलेला झरा, सरीखेरीज वेगळी घरघर. यांतलं एक जरी दिसलं तरी नोंद नंतर करा, आधी माणसं बाहेर काढा. तळियेत २०२१ साली दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, २०२३च्या जुलैत इर्शाळवाडी रात्रीतून गाडली गेली. सलग दोन-तीन दिवस अतिमुसळधार झाला की माती पाण्यानं जड झालेली असते, मग तिसऱ्या दिवशीची मध्यम सरही पुरते.

वादळ ओसरल्यावर पहिला निरोप रस्त्यांचा द्या: कुठे झाड आडवं, कुठे मोरी वाहून गेली, कुठल्या वाडीत पिण्याचं पाणी नाही. मग पंचनाम्यासाठी फोटो. प्रत्येक फोटोत ओळखीची खूण येऊ द्या, विहीर, देऊळ, घराचा कोपरा, म्हणजे तलाठ्याला आणि कृषी सहाय्यकाला जागा शोधावी लागत नाही. पडलेले माड-पोफळी बुंध्याशी मोजून मालकाला लिहून द्या, त्यांचं त्या दिवशी भान हरपलेलं असतं.

आणि मालक परवानगी देत असेल तर झाडं कुठल्या दिशेला पडली तेही मोबाइलच्या होकायंत्रावर बघून टिपा. ज्या तासांत कुणाचाच निरोप आला नव्हता, त्या तासांत तिथे वारा कुठून होता हे ती झाडं सांगतात. साफसफाई सुरू होण्याआधीच हे उरका. ओंडके रस्त्याला लागले की ती नोंद कुठेच सापडत नाही.